चालू असलेल्या उपचारांचं कॅशलेस मध्येच तोडू नका: आयआरडीएआयच्या अध्यक्षांना आणि हॉस्पिटल संघटनांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (आयआरडीएआय), हैदराबाद
तसेच जनरल इन्शुरन्स कौन्सिल (विमा कंपन्यांची परिषद) आणि खासगी हॉस्पिटल्सच्या संघटनांचे पदाधिकारी

महोदय,

सरळ मुद्द्यावर येते. एखाद्या पेशंटचे उपचार सुरू झाले असतील तर ते पूर्ण होईपर्यंत त्याचं कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देण्याची सोय, कोणालाही बंद करता येऊ नये, विमा कंपनीलाही नाही आणि हॉस्पिटललाही नाही, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितेय. दर किती असावेत, कोणी किती नफा घ्यावा, पॅकेजमध्ये काय धरावं काय नाही यावर तुमची भांडणं चालू राहणार, आणि ती चालू राहायला माझी हरकत नाहीये, पण त्या भांडणात आज जे हत्यार वापरलं जातं ते पेशंट आहे आणि हे थांबायला हवं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आठवा. १६ ऑगस्टपासून मॅक्स हॉस्पिटल्समध्ये निवा बुपा या विमा कंपनीच्या ग्राहकांचं कॅशलेस बंद झालं. त्याच महिन्यात एएचपीआय या हॉस्पिटल्सच्या संघटनेने, जिची १५ हजारांच्या वर सदस्य हॉस्पिटल्स असल्याचं ती सांगते, उत्तर भारतातल्या आपल्या सदस्यांना कळवलं की १ सप्टेंबरपासून बजाज अलियान्झच्या पॉलिसीवाल्यांना कॅशलेस देऊ नका, आणि केअर हेल्थलाही तशीच नोटीस गेली. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने त्याचा निषेध केला, बैठका झाल्या, तारीख यायच्या आत बजाजच्या बाबतीतला निर्णय मागे घेतला गेला. मग सप्टेंबरमध्ये स्टार हेल्थचं नाव आलं आणि २२ सप्टेंबर ही नवीन तारीख आली. म्हणजे एकामागून एक कंपन्यांची नावं येत होती आणि घरोघरी माणसं आपलं पॉलिसीचं कार्ड काढून बघत होती की आपली कंपनी यात आहे का, आपलं हॉस्पिटल यात आहे का.

योगायोग असा की नेमक्या त्याच २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, प्रीमियम थोडा हलका झाला म्हणून लोकांना बरं वाटलं, पण प्रीमियम भरून जी गोष्ट आपण विकत घेतो तीच दुसऱ्या बाजूने हातातून निसटत होती.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. २०१० च्या जुलैमध्ये चारही सरकारी जनरल विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरूमधल्या मोठ्या हॉस्पिटल्सचं कॅशलेस काढून घेतलं होतं, कारण बिलं फुगवली जातात असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यातूनच पीपीएन म्हणजे ठरलेल्या दरांवर काम करणाऱ्या हॉस्पिटल्सची यादी उभी राहिली. तेव्हापासून आजपर्यंत आरोग्य विम्याचे किती नियम बदलले, पण करार तुटल्यावर मधल्या पेशंटचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाही उघडा होता आणि आजही उघडाच आहे.

आता जवळचं सांगते. माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे. निदान झालं तेव्हा आम्ही हॉस्पिटल निवडताना सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर विमा कंपनीच्या नेटवर्क यादीत, म्हणजे तिचा करार असलेल्या हॉस्पिटल्सच्या यादीत, ते आहे की नाही, डॉक्टर चांगले होतेच पण यादीत नाव नसतं तर आम्ही तिथे गेलोच नसतो. ऑपरेशन तिथेच झालं, केमोचं औषध देण्यासाठी छातीत पोर्ट तिथेच बसवला, केमो सुरू झाली. केमो म्हणजे दर वेळी सकाळी डे केअरला अ‍ॅडमिशन, आदल्या दिवशी ब्लड रिपोर्ट, हॉस्पिटलमधल्या टीपीए म्हणजे विम्याच्या डेस्कवरून प्री-ऑथ म्हणजे आगाऊ मंजुरीची विनंती पाठवायची, एखादी क्वेरी येणार, ती सोडवायची, अ‍ॅप्रुव्हल आलं की सलाइन लागणार. मधल्या एका सायकलच्या म्हणजे केमोच्या फेरीच्या सकाळी डेस्कवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघतच सांगितलं की या कंपनीचं कॅशलेस आमच्याकडे होल्डवर आहे, डिपॉझिट भरा आणि नंतर रिइम्बर्समेंट टाका, म्हणजे भरलेले पैसे कंपनीकडून परत मागा. मावशी हाताला पट्टी लावून खुर्चीत बसलेली, फार्मसीतून औषध यायचं बाकी, आणि माझा मावसभाऊ कॉरिडॉरमध्ये उभा राहून कंपनीच्या हेल्पलाइनवर, तिथून सांगतायत की आमच्याकडून काहीच बंद नाहीये, हॉस्पिटललाच विचारा. डेस्कवर विचारलं तर म्हणे वरून मेल आलाय. कोणाचा मेल, कधी आला, कधीपर्यंत बंद राहणार, काहीही लेखी द्यायला दोघंही तयार नाहीत. डेस्कवरच्या त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता, पण त्या सकाळी आमच्याशी बोलायला दुसरं कोणी नव्हतंच.

पैसे आम्ही भरले, मावशीच्या बांगड्या गहाण ठेवून. सायकल पुढे ढकलणं हा पर्यायच नव्हता कारण केमोचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात, करार नाही.

कोणी म्हणेल की मग दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं ना, यादीत शेकडो आहेत. ज्यांनी कॅन्सरचा पेशंट सांभाळलाय त्यांना विचारा. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स आधीच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवीन डॉक्टर त्या परत तपासून घेणार, कदाचित स्कॅन परत सांगणार, कुठलं औषध सोसलं कुठल्याने त्रास झाला हे फाइलमध्ये अर्धंच असतं, बाकीचं त्या डॉक्टरच्या आणि त्या वॉर्डमधल्या सिस्टरच्या लक्षात असतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या माणसाला दुसऱ्या सेंटरला स्लॉट मिळेपर्यंत थांबायला सांगता येत नाही. तिसऱ्या महिन्यापासून एका ठिकाणी नाव घातलेली बाई नवव्या महिन्यात नवीन डॉक्टर शोधणार का? शोधेलही, नाइलाजाने, पण तिला तसं करायला लावणं बरोबर आहे का ते मला सांगा.

इथे एक बारकावा आहे जो तुमच्या प्रेस नोटमध्ये कधी येत नाही. असे वाद होतात तेव्हा दिलासा म्हणून सांगितलं जातं की आधीच अ‍ॅडमिट असलेल्यांना त्रास होणार नाही. ऐकायला बरं वाटतं, पण केमोची प्रत्येक सायकल ही कागदावर नवीन अ‍ॅडमिशन असते, नवीन प्री-ऑथ, नवीन क्लेम नंबर. डायलिसिसचंही तेच. म्हणजे महिनोन्‌महिने उपचार घेणारा, सगळ्यात जास्त अडकलेला पेशंट या दिलाशात बसतच नाही, आणि त्याच्यासाठीच तर तो हवा होता.

रिइम्बर्समेंट मिळणारच आहे मग एवढं काय, असंही ऐकवलं जातं. पैसे उशिरा मिळणं हा त्यातला फक्त एक भाग आहे. खरा फटका वेगळाच बसतो. नेटवर्कमध्ये असताना बिल करारातल्या दराने होतं, करार थांबला की तेच हॉस्पिटल तेच ऑपरेशन ओपन रेटने, म्हणजे स्वतःच्या दरपत्रकाने लावतं. समजा करारात १ लाख ५० हजार होते आणि ओपन रेट २ लाख १० हजार, तर पेशंट २ लाख १० हजार भरतो, फाइल कंपनीकडे जाते, आणि कंपनी पॉलिसीतलं 'रिझनेबल अँड कस्टमरी चार्जेस'चं कलम दाखवून म्हणू शकते की या भागात या ऑपरेशनला एवढे लागत नाहीत, आम्ही एवढेच देणार. मधले ६० हजार कोणाचे? पेशंटचे. आणि समजा कंपनीने पूर्ण दिलेच तरी सम इन्शुअर्डमधून म्हणजे वर्षाच्या एकूण कव्हरमधून जास्त रक्कम गेली, वर्षाच्या शेवटी काही लागलं तर कव्हर उरत नाही. म्हणजे दर कोणते यावर तुम्ही दोघं भांडलात आणि त्या दरातला फरक भरला तिसऱ्यानेच, ज्याला कराराची एक ओळसुद्धा कधी दाखवलेली नाही.

हॉस्पिटल्सची बाजू मला कळत नाही असं नाही. त्यांचं म्हणणं आहे की वैद्यकीय खर्च वर्षाला ७-८ टक्क्यांनी वाढतो आणि कंपन्या जुनेच दर धरून बसतात, वर ते आणखी कमी करायला सांगतात, मंजूर केलेल्या बिलातून नंतर परस्पर कापतात, पैसे महिनोन्‌महिने अडकवतात. लहान नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांकडून मी हे स्वतः ऐकलंय, त्यांचा स्टाफचा पगार त्या अडकलेल्या पैशातून व्हायचा असतो. कंपन्या म्हणतात की विमा आहे म्हटलं की बिल वाढतं, लागत नसलेल्या तपासण्या होतात, एक दिवस जास्त ठेवलं जातं, आणि तो खर्च शेवटी सगळ्यांच्या प्रीमियमवर येतो. यातही तथ्य आहे, ज्याने ज्याने इंटरिम बिल नीट वाचलंय त्याला माहितीये. दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे म्हणूनच हा वाद लवकर मिटणारा नाही आणि म्हणूनच तो मिटेपर्यंत पेशंटचं काय याची वेगळी सोय लागते.

आता सगळ्यात जास्त ज्याची चीड येते ते. हॉस्पिटल नोटीस देऊन करारातून बाहेर पडू शकतं, कंपनी हॉस्पिटलला यादीतून काढू शकते. पेशंट काय करू शकतो? पोर्टिंग करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, तर रिन्युअलची वाट बघायची, तेव्हाही नवीन कंपनी प्रपोजल तपासणार आणि कॅन्सरची फाइल बघून नाही म्हणायला ती मोकळी आहे. पॉलिसी मध्येच रद्द करायची तर उरलेल्या महिन्यांचा प्रीमियम परत मिळतो खरा, पण त्या वर्षात क्लेम झालेला नसेल तरच, आणि उपचार चालू असलेल्या माणसाचा क्लेम झालेलाच असतो ना. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवाल्याला तर कंपनी निवडायचाही हक्क नाही, एचआरने जी घेतली ती. वर्षाचे पैसे आमच्याकडून आगाऊ घेतलेत, यादी दाखवून घेतलेत, यादीतलं हॉस्पिटल गळालं तर आम्ही तिथेच बांधलेले आणि तुम्ही दोघं मोकळे.

'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे ना, असं कौन्सिल सांगेल. जानेवारी २०२४ मध्ये ती योजना आली तेव्हा मीसुद्धा घरातल्या सगळ्यांना मेसेज केला होता की आता यादीबाहेरच्या हॉस्पिटलमध्येही कॅशलेस मिळेल, ठरवलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सी असेल तर अ‍ॅडमिट झाल्यापासून ४८ तासांत. चांगली योजना आहे. पण ती चालते हॉस्पिटल हो म्हणालं तर, आणि ज्या हॉस्पिटलचा त्याच कंपनीशी वाद चाललाय ते कशाला हो म्हणेल? नेमकी गरज पडते तिथेच तिचा उपयोग संपतो.

मा. अध्यक्ष महोदय, आयआरडीएआय काही करू शकत नाही असं मला वाटत नाही, उलट तुम्ही ठरवलं की होतं हे आम्ही बघितलंय. २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये तुम्ही सांगितलं की कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात निर्णय द्या, डिस्चार्जचं फायनल अ‍ॅप्रुव्हल तीन तासांत द्या आणि उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर ते कंपनीने शेअरहोल्डर्सच्या पैशातून भरावेत. ३० जानेवारी २०२५ ला तुम्ही सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. मोरॅटोरियम, म्हणजे ज्या काळानंतर माहिती लपवल्याचं कारण देऊन (फसवणूक सोडून) क्लेम नाकारता येत नाही तो काळ, आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणला. हे सगळं पेशंटच्या बाजूचं आहे आणि त्यासाठी मी मनापासून आभारी आहे. पण एका तासात अ‍ॅप्रुव्हल द्यायचा नियम कधी लागू होतो? हॉस्पिटलने विनंती पाठवली तर. डेस्कवरून विनंती गेलीच नाही तर तो तास सुरूच होत नाही.

तुमची अडचण माहितीये, हॉस्पिटल्स तुमच्या अखत्यारीत नाहीत. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा २०१० चा आहे पण तो आपल्या महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो आणि २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद आली, दरपत्रक लावायचं बंधन आलं. त्या सनदेबद्दल बोलायचं तर राज्य सरकारकडे जावं लागतं, विम्याबद्दल बोलायचं तर तुमच्याकडे, आणि आमची तक्रार बरोब्बर या दोन्हींच्या मधल्या जागेत पडते. विमा लोकपालांकडे जायचं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तराची वाट, मग अर्ज, आणि तोपर्यंत केमो संपलेली असते. शिवाय लोकपाल कंपनीला जाब विचारतील, हॉस्पिटलला विचारू शकत नाहीत.

पण एक वाट आहे, आणि ती तुमच्याच हातात आहे. हॉस्पिटलशी करार करणारी विमा कंपनी तर तुमच्या नियमाखाली आहे. त्या करारात किमान कुठली कलमं असावीत याबद्दल तुम्ही आधीही सूचना काढलेल्या आहेत. त्यातच आणखी एक कलम सक्तीचं करा: करार संपला, स्थगित झाला किंवा मोडला, कारण काहीही असो, कोणीही मोडलेला असो, तरी ज्या पेशंटचे उपचार त्या हॉस्पिटलमध्ये सुरू झालेत त्यांना ठरावीक काळ जुन्याच दराने कॅशलेस मिळत राहील. कॅन्सर, डायलिसिस, गरोदरपण, ट्रान्सप्लांटनंतरचे उपचार, आणि तारीख ठरलेली ऑपरेशन्स, हे सगळं नावानिशी लिहा, म्हणजे 'नवीन अ‍ॅडमिशन' म्हणून कोणी वाट काढणार नाही. असं कलम नसलेला करार कोणत्याही कंपनीला करता येणार नाही म्हटलं की हॉस्पिटलही त्यात आपोआप बांधलं जातं, कारण सही त्यांचीही असते.

हे काही मी हवेतलं मागत नाहीये. अमेरिकेत हॉस्पिटल्स आणि विमा कंपन्यांमधली ही भांडणं आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आणि मोठी आहेत, करार संपायची तारीख जवळ आली की तिथेही पेशंटना पत्रं जातात की तुमचं हॉस्पिटल नेटवर्कबाहेर जाऊ शकतं. पण १ जानेवारी २०२२ पासून तिथे केंद्रीय कायद्यात सोय आहे की करार संपला तरी गंभीर आजाराचे उपचार घेणारे, गरोदर बायका, अ‍ॅडमिट असलेले, आवश्यक ऑपरेशन ठरलेले आणि शेवटच्या आजारातले पेशंट यांना कळवलं पाहिजे आणि त्यांना ९० दिवसांपर्यंत आधीच्याच अटींवर उपचार चालू ठेवता आले पाहिजेत. तिथली व्यवस्था मला आदर्श अजिबात वाटत नाही, खर्चाच्या बाबतीत तर नाहीच नाही, पण एवढी एक गोष्ट त्यांनी कायद्यात घातली. आपल्याकडे ९० दिवस पुरतील का यावर चर्चा करा, माझ्या मते कॅन्सरच्या एका पूर्ण कोर्सला ते कमी पडतात, तिथे कोर्स संपेपर्यंत असंच लिहायला हवं.

त्याच्याच जोडीला दोन लहान गोष्टी. नेटवर्क यादीत प्रत्येक हॉस्पिटलच्या नावापुढे करार कधीपर्यंत आहे ती तारीख दिसू द्या, दर नका दाखवू, ते तुमचं तुमच्यात ठेवा, पण तारीख आम्हाला कळली पाहिजे कारण आम्ही ती यादी बघून पॉलिसी घेतो. आणि कॅशलेस थांबवणार असाल तर ज्यांचे उपचार तिथे चालू आहेत त्या प्रत्येकाला आधी लेखी कळवा, कोणी थांबवलं आणि का तेही त्यात लिहा. मावसभावाला त्या सकाळी डेस्कवर एक कागद मिळाला असता तरी पुढची तक्रार करणं सोपं झालं असतं. आजही आमच्या हातात 'होल्ड' हा तोंडी शब्द सोडून काही नाही.

हॉस्पिटल संघटनांना वेगळं सांगते. तुमचे दर वाढले पाहिजेत असं तुम्हाला वाटतं तर कंपन्यांना कोर्टात खेचा, नवीन पेशंटसाठी करारच करू नका, पेपरात जाहिरात द्या, आम्हीसुद्धा प्रीमियम भरणारे म्हणून कंपन्यांना जाब विचारू की हॉस्पिटलचे पैसे वेळेवर का देत नाही. पण ज्या बाईच्या छातीत तुम्हीच पोर्ट बसवलाय तिला डिपॉझिट मागू नका. तिने तुमच्यावर विश्वास ठेवून ऑपरेशन करून घेतलंय. तुमच्या संघटनेच्या पत्रकात एक ओळ टाकायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, की चालू उपचारांना हा निर्णय लागू नाही, पुढच्या सायकल्स धरून. आणि कंपन्यांनीही तेच करावं, तुम्ही हॉस्पिटलला यादीतून काढलंत तरी आधीपासून तिथे असलेल्यांची बिलं थेट हॉस्पिटलला द्यायला तुम्हाला कोणी अडवलंय?

२०२३-२४ या एका वर्षात देशात आरोग्य विम्याचे २.६९ कोटी क्लेम निकाली निघाले आणि ८३ हजार कोटींच्या वर रक्कम दिली गेली. एवढा मोठा व्यवहार या व्यवस्थेतून होतो, त्यात उपचारांच्या मध्यावर असलेले पेशंट तुलनेने थोडे असतील, त्यांना जुन्या दराने सांभाळून घेतल्याने ना कुठली कंपनी बुडेल ना कुठलं हॉस्पिटल.

मा. अध्यक्ष महोदय, या कलमाचा मसुदा काढा आणि तो हरकती-सूचनांसाठी सगळ्यांसमोर ठेवा. कंपन्या आणि हॉस्पिटल्स आपापलं म्हणणं मांडतीलच, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. या वेळी पेशंटनाही बोलवा, किमान कॅन्सर आणि किडनीच्या पेशंटच्या नातेवाइकांना. आमची बिलं, डिपॉझिटच्या पावत्या, कापलेल्या रकमांची पत्रं आणि हेल्पलाइनच्या कॉलच्या नोंदी मी तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत, तुमच्या कार्यालयातून ज्या दिवशी मागवल्या जातील त्या दिवशी पाठवते.

आपली,
एक पॉलिसीधारक आणि एका कॅन्सर पेशंटची भाची